उजवीकडची खुर्ची

वर्ला पिक्रेलने शाळेच्या बसची किल्ली ज्या दिवशी परत केली, त्या दिवशी घरी येऊन पायातले बूटही न काढता तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "ऑरिन, आजपासून मी बर्फात गाडी चालवणार नाही. घर पेटलं तरी नाही."

वीस-बावीस वर्षं वायोमिंगच्या माळावर पिवळी बस हाकलेल्या बाईला एवढं म्हणायचा हक्कच असतो. पहाटेच्या काळोखात इंजिन तापवायचं, आडरानातल्या घरांच्या फाटकाफाटकाशी थांबून पोरं गोळा करायची, मागे कुणीतरी कुणाची तरी टोपी खिडकीबाहेर भिरकावलेली असायची, आणि पुढे रस्ता कुठे संपतो नि कुंपण कुठे सुरू होतं हे एका देवालाच ठाऊक असायचं. पोरं तिला 'मिसेस पी' म्हणत आणि आरशातल्या तिच्या नजरेला टरकून असत. एकाही पोराला तिने कधी खरचटू दिलं नाही. पण दर हिवाळ्याच्या शेवटी तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असत, ते खाली उतरायला जुलै उजाडायचा.

त्यामुळे दोघांनी घर विकून जुनी घरगाडी घेतली तेव्हा ती कोण चालवणार हा प्रश्नच निघाला नाही. ऑरिनने सगळा जन्म रिव्हर्टनच्या एका हार्डवेअरच्या दुकानात उभ्याने खिळे नि बिजागऱ्या विकण्यात घालवला होता. स्टिअरिंग हातात आलं की स्वारी खुलायची. गाडीचा रंग भाजका, म्हणून तिचं नाव 'बिस्किट'. बिस्किटात पलंग होता, शेगडी होती, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं न्हाणीघर होतं, आणि पुढे उजवीकडे, न चालवणाऱ्याची, एक रुंद खुर्ची होती. ती वर्लाची. पाय वर काचेखाली टाकायचे, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी, हातात टरफलं थुंकायचा पेला आणि गळ्यात दुर्बीण. अशा थाटात तिने अर्धा देश बघून घेतला. "राणीला सिंहासन असतं, पण तिला एवढं सुख नाही," ती म्हणायची. "तिला चारचौघांत थुंकता येत नाही."

हिवाळा दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात काढत आणि मे संपता संपता पुन्हा वर, बिगहॉर्नच्या डोंगरात येत. तिथे 'लॉस्ट मिटन' नावाचा घरगाड्यांचा तळ आहे. उन्हाळाभर दोघं तिथले यजमान. येणाऱ्यांना जागा दाखवायची, सरपण विकायचं, संडास धुवायचे, दहानंतर गिटार वाजवणाऱ्याला गोड बोलून झोपवायचं. बदल्यात झऱ्याकाठची पहिली जागा फुकट आणि वर चार पैसे. या कामाची मजा अशी, की दिवसभर लोकांत असून संध्याकाळी आपलं दार आपण लावता येतं.

यंदा मात्र ॲरिझोनातून निघतानाच वर्लाच्या सिंहासनाला काटे फुटले होते. ऑरिनचे डोळे गेले होते. पूर्ण नव्हे, पण गाडी चालवायला जेवढे लागतात तेवढे गेले होते.

त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नुसता चष्मा पुसत होता. सकाळी पुसायचा, दुपारी पुसायचा, शर्टाच्या टोकाने, रुमालाने, वर्लाच्या स्कार्फने. "तिथे पेट्रोलचा काय भाव लिहिलाय गं? काच घाण झालीये माझी." बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायचा. ताटातले वाटाणे त्याचे नेहमी उरायचे. आणि घरगाडीवाल्यांची एक रीत आहे, की समोरून दुसरी घरगाडी आली की चालवणाऱ्याने हात करायचा, मग ओळख असो वा नसो. युटामध्ये ऑरिनने एका गाडीला असा भरघोस हात केला, तोंडभर हसलासुद्धा, आणि म्हणाला, "मस्त होती, नाही? नवीकोरी वाटली." तो दुधाचा टँकर होता. वर्लाने पेल्यात टरफल थुंकलं आणि म्हणाली, "छान होती." पुढे कितीतरी मैल तिच्या तोंडाला बी गोड लागलं नाही.

कुणीही म्हणेल, मग किल्ली काढून घ्यायची सरळ. म्हणणाऱ्याचं काय जातं! ऑरिनच्या बापाच्या पिकअपची किल्ली अशीच एका दुपारी खुंटीवरून निघाली होती, आणि काढणारा हात ऑरिनचा होता. म्हातारा भांडला नाही की ओरडला नाही. ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसला, आणि पुढच्या वसंतापर्यंत बसून बसूनच संपला. त्याला पुरून परत येताना ऑरिन एवढंच म्हणाला होता, "मी मागायला हवी होती. त्याने दिली असती." म्हणून वर्लाने मनाशी गाठ मारली होती. हिसकावून घ्यायची नाही. ऑरिनने आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे. आणि सांगितलं पाहिजे ते कुणाचा जीव जायच्या आत.

तो का सांगत नाही हेही तिला कळत होतं. मुलगा टॉड बॉयसीला राहायचा आणि त्याने आपलं तळघर आईबापांसाठी सजवून ठेवलं होतं. गालिचा, टीव्ही, दोन आरामखुर्च्या. खिडकी एकच, छताला चिकटलेली, तिच्यातून अंगणातलं गवत मुळाकडून दिसायचं. टॉड पोरगा गुणी, पण फोनवर दर वेळी विचारायचा, "मग कधी येताय कायमचे?" ऑरिनचा हिशेब सोपा होता. डोळे गेले म्हटलं की गाडी गेली, गाडी गेली की तळघर आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तो एका बाजूने आवळून होता आणि वर्ला दुसऱ्या बाजूने.

शहरं तिने युक्तीने पार केली होती. कधी "माझा गुडघा आखडलाय, जरा पेडलवर पाय चालवू दे, सुटेल," कधी "मला झोप येतेय, चालवलं की उतरेल." ही दुसरी सबब इतकी वेडगळ होती की दोघांपैकी एकाला तरी हसू यायला हवं होतं. कुणी हसलं नाही. ऑरिन मुकाट्याने उठायचा, आणि शहर मागे पडून मोकळा रस्ता लागला की मुकाट्याने परत येऊन बसायचा.

टेन स्लीप हे डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं गाव. तिथे नेल्डाच्या खानावळीत थांबून चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल एकत्र खायचा आणि मग घाट चढायचा, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. त्या सकाळी लख्ख ऊन होतं. ऑरिन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता.

"वर हवा कशी आहे गं?" त्याने नेल्डाला विचारलं.

"कुठली?" नेल्डा कॉफी ओतत म्हणाली. "सकाळपासून तीन येऊन गेल्या. चौथी तयारीत असेल."

"म्हणजे जाता येईल."

"जाता सगळ्यांनाच येतं रे बाबा. परवा एक जण अर्ध्या चड्डीत सायकलवर गेला. खाली आणला तेव्हा जांभळाच्या रंगाचा झाला होता. माझी सगळी कॉफी त्याच्यात गेली." मग तिने वर्लाकडे वळून आवाज उतरवला. "वारा आहे बरं का. टाकी भरून घे."

वर्लाने गाडीची पाण्याची टाकी काठोकाठ भरली. रिकामी घरगाडी वाऱ्यात नेऊ नये, खोक्यासारखी कलंडते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नळी गुंडाळता गुंडाळता ती सहज बोलल्यासारखं बोलली, "आज मी चालवते घाट. तू बस निवांत."

"का?"

"उगीच. हात साफ होईल."

"आणि ते बर्फाचं काय होतं तुझं? घर पेटलं तरी?"

"बर्फ आहे कुठे? ऊन पडलंय चांगलं."

"मग झालं तर!" ऑरिन डाव्या, चालकाच्या दाराने चढला. "ऊन आहे, घाट माझा आहे. बाईसाहेबांनी आपल्या सिंहासनावर बसावं."

आपल्याच शब्दात सापडलेली वर्ला उजवीकडे चढली. बियांची पिशवी तिने मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

खालचे चढ ठीक गेले. दोन्हीकडे भाजलेल्या विटेच्या रंगाचे कडे, खाली फुगलेला ओढा, रस्ता कोरडा. तिच्या लक्षात आलं, की ऑरिन रस्त्याकडे बघतच नाहीये. मान किंचित डावीकडे वळवून तो उजव्या कडेची पांढरी पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यातून धरून चालला होता, आंधळ्याने कठडा धरावा तसा. आणि चालवत मात्र छान होता! वळणं अलगद घेत होता, चढाला गिअर उतरवत होता. तिला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी तिने दाराची मूठ घट्ट धरली.

वरच्या झाडीशी पोचेस्तोवर चौथी हवा आली. आधी ऊन विझलं. मग वारा गाडीला कोपर मारू लागला. मग साबुदाण्याएवढ्या गारा टपावर तडतडल्या, आणि गारांच्या पाठोपाठ जाड, ओला, मे महिन्याचा बर्फ असा काही उतरला की बघता बघता झाडं, कठडे, रस्ता सगळं एका रंगाचं झालं. पांढऱ्या पट्टीवर पांढरं पडलं.

बिस्किटाचा वेग उतरला. आणखी उतरला. चालत्या माणसाने सहज मागे टाकावं इतका उतरला. मागून एका पिकअपने भोंगा वाजवला आणि चिखल उडवत ती पुढे निघून गेली. ऑरिनची बोटं स्टिअरिंगवर आवळली होती आणि ओठ हलत होते. वर्लाच्या बाजूला, कठड्यापलीकडे, काही नव्हतं. नुसती खोली होती.

"थोडं डावीकडे," वर्ला म्हणाली. आवाज तिने बसमधला काढला, हळू पण दुसरं काही ऐकून न घेणारा. "बास. आता सरळ. पुढे उजवीकडे मोकळी जागा आहे, थांबायची. अजून. अजून. आता वळव. थांब."

गाडी थांबली. वायपर इकडून तिकडे जात राहिले. आता बोलेल, तिला वाटलं. बोल रे बाबा, आता तरी बोल.

ऑरिनने चष्मा काढला, पुसला, घातला. "मला लागलीये," तो म्हणाला, आणि उठून मागे न्हाणीघरात गेला.

घरगाडीत संडास असण्याचा हा एक फायदा, की कुठल्याही प्रसंगातून उठून जायला सबब तयार असते. ऑरिन आत बराच वेळ राहिला. एवढा वेळ, की वर्लाने बियांची पिशवी बाजूला ठेवली, दुर्बीण गळ्यातून काढली, दोन खुर्च्यांमधून अंग काढून घेतलं आणि स्टिअरिंगमागे बसली. खुर्ची पुढे ओढली. आरसे नीट केले. "घर पेटलं बाई," ती स्वतःशी पुटपुटली.

तो बाहेर आला आणि उभा राहिला. कोण कुठे बसलंय हे त्याला दिसलं असावं.

"बसलीच आहेस तर चालव थोडं," तो म्हणाला.

"बसलेच आहे तर चालवते."

तो उजव्या खुर्चीत बसला. पाय कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

आणि मग वर्ला पिक्रेलने बर्फात गाडी काढली. ब्रेकला पाय न लावता, खालच्या गिअरमध्ये, रस्त्याकडे न बघता कडेच्या उंच खांबांकडे बघत. बर्फवाटेवर ते खांब याचसाठी पुरलेले असतात. एक खांब, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. भरलेल्या टाकीने गाडी जमिनीला धरून ठेवली होती. खांदे मात्र लगेच कानाकडे निघाले. तिला हे सगळं येत होतं, आणि त्यातलं काहीही तिला आवडत नव्हतं. चांगलं येणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात कुणाला कधी पटलंच नव्हतं.

थोड्या वेळाने शेजारून कुरकुर आवाज आला. ऑरिन तिच्या बिया खात होता.

"टरफलं पेल्यात," ती म्हणाली.

"माहितीये." मग, "मूस!"

"कुठे?"

"उजवीकडे, झाडांच्या आत. आई आणि पिल्लू. पिल्लू अगदी तांबडं आहे."

घोड्याएवढ्या त्या हरणांकडे बघायला वर्लाला फुरसत नव्हती, पण ती चकित झाली. इतक्या बर्फात, इतक्या आत! "तुला दिसलं?"

"न दिसायला काय झालं?" ऑरिन तोऱ्यात म्हणाला, आणि मग त्याने घाईने आणखी बिया तोंडात टाकल्या.

माथा ओलांडला आणि पाचवी हवा आली. ढग चादर ओढल्यासारखे बाजूला झाले, ऊन इतकं कडक पडलं की डोळे दिपले. रस्त्यावरून वाफा निघाल्या. उतारावर बर्फ वितळून पाण्याचे ओघळ लागले आणि पांढरी पट्टी पुन्हा स्वच्छ दिसू लागली. ऑरिनने टरफल थुंकलं.

"चल, झालं. आता दे इकडे. थांबव त्या वळणावर."

वर्लाने वेग कमी केला नाही. इतक्या दिवसांत तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. सबबी सांगितल्या होत्या, गुडघे दुखवले होते, खोट्या जांभया दिल्या होत्या. आता एकही सबब तोंडात येईना.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी चालवणार."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला पीळ त्याच्या मानेत दिसत होता. वर्लालाही राग आला होता. आपण राग गिळून दीड हजार मैल आलो, आणि फुगायचा मान मात्र याचा!

लॉस्ट मिटनला लख्ख ऊन होतं आणि गवतात गारा अजून चमकत होत्या. मालकीण लुएला फाटकाशी उभी राहून दोन्ही हात हलवत होती. दोन-तीन जोडपी आधीच येऊन थडकली होती, आणि मांडीवर घोंगड्या घेऊन घडीच्या खुर्च्यांवर ऊन खात बसली होती. बिस्किट आत शिरताच त्यांनी खुर्च्या वळवल्या. कारण घरगाडी उलटी घेऊन जागेत लावणं हा कुठल्याही तळावरचा फुकटचा तमाशा असतो. नवरा चालवतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, नवरा भलतंच समजतो, आणि चाळीस वर्षांचे संसार पाच मिनिटांत मोडायला येतात. बघणाऱ्यांनी मधे बोलायचं नाही, हा कडक नियम. मागितल्याशिवाय मदत करणं म्हणजे अपमान.

"मी उतरतो," ऑरिन म्हणाला. "इतकी वर्षं मागे तू उभी राहिलीस. आज मी."

चाळीस पोरांची बस उलटी घेणाऱ्या बाईला मागे माणूस कशाला लागतो, हे वर्लाच्या ओठावर आलं होतं. पण तो टोपी घालून उतरलासुद्धा. खुर्च्यांवरच्या मंडळींना त्याने सलाम ठोकला. "बघा हं, शिका काहीतरी!" तो म्हणाला आणि मंडळी हसली. मग तो झऱ्याकडच्या टोकाला, डाव्या बाजूला, तिला आरशात दिसेल असा उभा राहिला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला.

"ये! ये, ये, ये! मोकळं आहे!"

वर्ला सावकाश मागे आली. ती त्याच्या हातांकडे बघत नव्हती, आरशात जमीन बघत होती. जागा निमुळती, कोन वाकडा. ऑरिनच्या मागेच, त्याच्या पाठीला लागून, खांबावर बसवलेली विजेची लोखंडी पेटी होती. गाडीचा मागचा कोपरा तिकडे चालला होता, आणि पेटी नि कोपरा यांच्या मधे ऑरिन होता.

"ये, ये! रान मोकळं आहे! ये!"

खुर्चीतून एक गृहस्थ अर्धवट उठले. बायकोने त्यांची बाही ओढली.

वर्लाने ब्रेक दाबला. तो हात हलवतच राहिला. तिने इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत झालं, नुसता झरा ऐकू येत होता, आणि आरशात तो उभ्या गाडीला बोलावत होता, हसऱ्या तोंडाने, मोठ्या आत्मविश्वासाने. वर्लाला ते बघवेना. तिने तरी बघितलं.

मग त्याच्या कानांनी इंजिन थांबल्याचं टिपलं. हात खाली आले. एक हात त्याने मागे नेला, चाचपला, आणि तो लोखंडाला लागला. दुसरा पुढे केला, तो बिस्किटाच्या पत्र्याला लागला. दोन्ही हात पुरते पसरावेही लागले नव्हते.

मग पत्र्यावरून हात फिरवत तो तिच्या खिडकीशी आला.

"तिथे पेटी आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला दिसली नाही, वर्ला."

ती खिडकीतून बाहेर वाकली. आता मधे बोलायचं नव्हतं.

"मधलं काही दिसतच नाही. कडेचं दिसतं. झाडं दिसतात, जनावरं दिसतात. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलेलं असतं." तो वर तिच्याकडे बघत होता. "आत्ता तुझ्याकडे बघतोय. केस आहेत, कान आहेत. मधे कुणी नाही."

वर्लाने खिडकीतून हात काढून त्याच्या गालावर ठेवला. "आहे की. इथेच आहे."

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगायची वाट बघत होते! आणि ऑरिन पिक्रेल, मला तुझा इतका राग आलाय, इतका राग आलाय—" असं म्हणत तिने मूठ स्टिअरिंगवर आपटली आणि भोंगा वाजला. खुर्च्यांवरच्या मंडळींची कॉफी सांडली. वर्लाला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही फुटलं. "मेला असतास म्हाताऱ्या, आत्ता माझ्या हातून. कळतंय का तुला?"

"कळतंय," ऑरिन म्हणाला. मग खाली बघत, "टॉडला सांगावं लागेल."

"सांगू. संध्याकाळी मीच फोन करते."

"म्हणजे तळघर."

"कशाला तळघर? गाडी आहे, तिला चालक आहे. तळघरात जायचं ते टॉडने जावं."

"तुला नको होतं चालवायला. बर्फात तर नाहीच."

"नव्हतंच. अजूनही नकोय. मला मरेस्तोवर त्या खुर्चीत पाय वर करून बसायचं होतं, आणि ते गेलं याचं मला वाईट वाटतंय. वाटणारच. पण तू नीट सांगितलंस ना, आता चालवेन. रोज कुरकुर करेन, ती ऐकून घ्यायची."

ऑरिनने मान हलवली. चष्मा काढला, आणि या खेपेला न पुसता खिशात ठेवून दिला. "पुढे घे गाडी," तो म्हणाला. "सरळ करून परत मागे ये. मी हात नाही हलवणार."

तो पुन्हा मागे गेला. पेटीच्या अलीकडे नव्हे, तिच्या बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभा राहिला. डावा तळहात त्याने पेटीवर ठेवला आणि उजवा हात खांद्यातून ताठ बाहेर काढून तळवा उघडा धरला. वर्लाने गाडी पुढे घेतली, कोन सुधारला आणि मुंगीच्या पावलाने मागे येऊ लागली. आरशात आता तिला तो दिसत नव्हता, नुसती शर्टाची बाही आणि उघडा तळवा दिसत होता. ती त्या तळव्याकडे बघत येत राहिली, येत राहिली, आणि पत्रा त्याच्या हाताला लागला.

त्याने दोनदा थाप मारली.

"बास!" तो ओरडला. "आलो आपण!"